बंद गाडीतला रियाज

हिंगण्याच्या एका कारखान्यातून मी निवृत्त झालो आणि थोड्याच दिवसांत बायकोने मला विचारलं, "तुम्हाले एखादा छंद लावून घेता येत नाही का?"

विचारायला तसं कारण घडलं होतं. कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. कोणती वस्तू कुठे ठेवायची हे माझ्या अंगात इतकं भिनलेलं की त्या सकाळी मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे ओळीने लावून ठेवले. फोडणीत मोहरी पडली, तडतडली, काळी झाली, तरी बायकोला हळद काही सापडली नाही.

मी म्हटलं, "तुले तरी कुठं कोणता छंद आहे?"

"होता ना," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही कंपनीच्या बसमध्ये बसले का दिवसभर घर माझं. दुपारी कूलरसमोर पाय लांब करून बसाचं, पेपर जाहिरातींसकट वाचाचा, कोणाशी बोलाचं नाही. इतके वर्षं हाच छंद केला मी. आता तुम्ही घरीच राहता."

आपल्यामागे ही बाई दिवसभर राबते, असं मी कारखान्यात डबा खाताना सगळ्यांना सांगत आलो होतो.

समोरच्या फ्लॅटमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. बायकोनेच त्यांच्याकडे शब्द टाकला असावा, कारण त्याच संध्याकाळी ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला भाऊ, गाणं म्हणाले जाऊ."

नागपुरात सध्या पन्नाशी ओलांडलेला दर तिसरा माणूस कराओके गातो, असं माझं मत आहे. जुन्या हिंदी गाण्यातून गाणाऱ्याचा आवाज काढून टाकतात, नुसती वाद्यं ठेवतात. त्याला म्हणायचं ट्रॅक. गाणाऱ्याच्या रिकाम्या जागी आपण उभं राहायचं. शेजाऱ्यांचा ग्रुप एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर जमायचा. तिथे एसी होता, लाल खुर्च्या होत्या आणि प्रत्येकाच्या मांडीवर शब्दांसाठी मोबाईल. कळमन्याच्या बाजारात धान्याचा व्यापार करणारे एक गृहस्थ पहिल्याच दिवशी माझ्या मनात भरले. सकाळभर लिलावात ओरडून त्यांचा आवाज बसलेला असे, पण माइक हातात आला की ते झोपलेल्या बाळाशेजारी गावं तसं गात. गाणं ऐकायला मागचे लोक पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसत.

माझी पाळी आली. मी विरहाचं एक गाणं निवडलं होतं. आयुष्यात मला उशीर झाला तेव्हा बहुतेक लोक माझ्यासाठी थांबले आहेत, कंपनीची बससुद्धा थांबायची. ट्रॅक थांबला नाही. मी दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर होतो आणि तो संपला. उरलेलं गाणं मी वाद्यांशिवायच पुरं केलं, कारण अर्धवट सोडणं मला पटत नाही.

"आवाज आहे तुमच्यात," शेजारी परतताना म्हणाले. "फक्त रियाज पाह्यजे. आन् भाव पाह्यजे. डोळे मिटा, हात छातीवर ठेवा. तोंड उघडून गात जा, दातातल्या दातात नको."

रियाज करायचा कुठे, हा प्रश्न होता. घरात करायची सोय नव्हती; ज्यासाठी मला बाहेर काढलं होतं तेच फुकट गेलं असतं. गच्चीवर दोन दिवस गायलो, तर पलीकडच्या इमारतीतली एक बाई कपडे वाळत घालताना विचारू लागली, "काही पडलं का तुमचं खाली?" शेवटी मला आमची गाडी सुचली. पार्किंगमध्ये दुपारी कुत्रंही फिरकत नाही. काचा वर केल्या की आवाज बाहेर जात नाही. नंतर ऐकायला मी गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करायचो; एसी लावला तर त्याची घरघर त्यात येत होती, म्हणून तो बंद ठेवायचा. महिना मे होता, एवढीच एक अडचण.

काही दिवस छान गेले. घामाने शर्ट भिजायचा, पण दुसरं कडवं आता ट्रॅकबरोबर सुरू व्हायला लागलं होतं. वर घरी गेलो की बायको कूलरसमोर पेपर वाचत बसलेली दिसे. ती मान वर करून "झालं एवढ्यात?" असं विचारी, आणि मी पुन्हा खाली येई.

त्या दुपारी मी फारच रंगात आलो होतो. कानात इयरफोन, डोळे मिटलेले, उजवा हात छातीवर, तोंड पूर्ण उघडं. विरहाच्या जागेवर आवाज लांबवला आणि गाडी हलकेच हलायला लागली. मला वाटलं, सूर लागला.

गाडी जास्तच हलायला लागली तेव्हा मी डोळे उघडले. काचेला चार-पाच तोंडं चिकटली होती. वॉचमन काचेवर हात आपटत होता. तळमजल्यावरच्या काकू पदराने स्वतःचं तोंड दाबून उभ्या होत्या, आणि दोघंजण मागून गाडी गदागदा हलवत होते. दाराला कुलूप नव्हतं, पण दार उघडून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं. मीच उघडलं. त्यांनी मला खांद्याला धरून बाहेर ओढलं आणि वॉचमनच्या खाटेवर आडवं केलं. कोणीतरी ओला दुपट्टा डोक्यावर टाकला. काकूंनी कांदा फोडून नाकाशी धरला.

"मले काही झालं नाही," मी म्हटलं. "मी गाणं म्हणून राहिलो होतो."

काकू सगळ्यांकडे बघून हळूच म्हणाल्या, "पाहा, बडबडून राहिले. ऊन डोक्यात गेलं."

त्यानंतर मी जे जे बोललो ते सगळं उन्हाच्या खात्यात गेलं. गाण्याची ओळ म्हणून दाखवली, तेव्हा तर एकाने डोळे पुसले. तेवढ्यात बायको खाली आली. मी गात होतो हे तिला एकटीला माहीत होतं. तिने माझ्या भिजलेल्या शर्टाकडे, लाल तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "दाखवून येऊ एकदा. एवढे लोक म्हणून राहिले तर."

शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली आणि आम्ही धंतोलीला निघालो. धंतोलीत दवाखाने इतके आहेत की गाडी लावायला जागा मिळेपर्यंत निम्मे पेशंट आपोआप बरे होत असतील. आम्ही तीन चकरा मारल्या. तोवर माझा शर्टही वाळला.

डॉक्टर मध्यमवयाचे, गंभीर चेहऱ्याचे. त्यांनी ईसीजी काढला, बीपी बघितलं, जीभ बघितली.

"हार्ट चांगलं आहे," ते म्हणाले. "नेमकं काय करून राहिले होते तुम्ही?"

मी बायकोकडे बघितलं. ती भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होती. "गाणं म्हणत होतो," मी सांगितलं. "कराओके."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोणतं?"

मी गाण्याचं नाव सांगितलं. ते उठले, दार लोटून आले, आणि खुर्चीत बसून त्यांनी पहिली ओळ गुणगुणली. मग मला म्हणाले, "म्हणा बरं."

मी म्हटली. त्यांनी डोळे बारीक करून ऐकलं, जसं काही छाती तपासत होते. "पट्टी उंच होऊन राहिली तुम्हाले. म्हणून ताण येते. ट्रॅक दोन सूर खाली घ्या." मग दुसरी ओळ त्यांनी स्वतः म्हणून दाखवली. तिसरी आम्ही दोघांनी मिळून म्हटली. शेजाऱ्यांना राहवलं नाही, ते टेबलावर ठेका धरू लागले. बाहेर गडचिरोलीपासून यवतमाळपर्यंतचे पेशंट ताटकळत बसले होते. नर्सने दार उघडून आत बघितलं आणि हळूच परत लावून घेतलं.

जाताना डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: भरपूर पाणी, मीठ-साखर-लिंबू, दुपारी बंद गाडीत बसायचं नाही. शेजाऱ्यांनी बोलता बोलता ग्रुपच्या पुढच्या कार्यक्रमाचं सांगितलं होतं; त्यांना बाजूला घेऊन डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या ग्रुपचा प्रोग्राम आहे म्हणता. एक गाणं आपल्याले भेटन का?"

एरवी आमच्या कार्यक्रमाला गाणारेच ऐकणारे असतात, आणि आपलं गाणं झालं की एकेक जण फोन आल्यासारखा चेहरा करून निघून जातो. शेवटच्याला रिकाम्या खुर्च्यांसमोर गावं लागतं. या वेळी आमची अख्खी इमारत आली. त्यांनी मला उचलून वाचवलं होतं, तेव्हा मी काय गातो हे बघायचा त्यांचा हक्कच होता. काकू पहिल्या रांगेत बसल्या, हातात पाण्याची बाटली घेऊन.

कळमन्याचे व्यापारी इतकं हळू गायले की काकूंनी वॉचमनला पंखा बंद करायला पाठवलं. डॉक्टर फार सुरेख गायले. मध्येच त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी दोन ओळींमधल्या वाद्यांच्या जागेत, माइक न हटवता, "अर्धी गोळी सकाळी, अर्धी रात्री" असं सांगून पुढची ओळ अचूक पकडली. त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

मी दोन सूर खाली गायलो. डोळे उघडे ठेवले, हात खिशात ठेवला, नाहीतर काकू उठल्या असत्या. ट्रॅक आणि मी जवळजवळ एकाच वेळी संपलो. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या, निदान मला तसं वाटलं.

परतताना आम्ही दोघं एका टपरीवर समोसे खायला थांबलो. चटणीत समोसा बुडवत बायकोने विचारलं, "तो माणूस तिले सोडून जाते कुठं?"

"गाण्यात नाही सांगितलं."

"मंग एवढं रडाचं काहून? लवकरच परत येत असन." तिने उरलेली चटणी माझ्या समोशावर ओतली. "पुढच्या वेळेस हासरं गाणं घ्या काही. अन् मले आधी म्हणून दाखवा. घरीच म्हणा."

मी लगेच हो म्हटलं नाही. थोडा विचार केल्यासारखं केलं, आणि मग टपरीवाल्याला अजून दोन समोसे सांगितले.