काचेच्या व्हरांड्यातला चहा

माझ्या आईने आयुष्यात कोणत्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात हो म्हटलेलं नाही. अपवाद एकच, माझे वडील, आणि तिथे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. आमच्याकडे पाहुण्याने आधी 'नको' म्हणायचं, घरच्यांनी 'घोटभर तरी' म्हणायचं, पाहुण्याने 'आत्ताच झाला' म्हणायचं (झालेला नसतो), मग घरच्यांनी शपथ घालायची आणि पाहुण्याने 'बरं, अर्धा' म्हणत भरलेला कप संपवायचा. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट तरी असतो, नाहीतर जावई. बंगळूरला येऊन आम्हाला पस्तीस वर्षं झाली, घरात निम्मं कन्नड शिरलं, पण ही रीत काही सुटली नाही.

लग्न झाल्या झाल्या आई आणि दादा (म्हणजे माझे वडील) कुणाच्या तरी लग्नासाठी समुद्रकाठच्या एका गावी गेले होते. तिथे समुद्रासमोर एक मोठं हॉटेल. त्याला काचेचा लांब व्हरांडा, आत वेताच्या खुर्च्या, आणि त्यांत बसून निळ्या काठाच्या कपांतून चहा पिणाऱ्या बायका. आई रस्त्यावरून बघत उभी राहिली. दादा म्हणाले, "पुढच्या खेपेला आत बसून पिऊ." पुढची खेप आलीच नाही. दादांना जाऊन आता सहा वर्षं झाली. हा व्हरांडा आम्ही शेकडो वेळा ऐकलाय, आणि दर वेळी आई शेवटी म्हणते, "आपल्याला काय करायचंय म्हणा."

गेल्या वर्षी माझ्या बायकोला, मेधाला, ते हॉटेल फोनवर सापडलं. अजून चालू होतं! सीझन संपल्यामुळे दरही उतरले होते. "आईंच्या हातात तो कप द्यायचाच," मेधा म्हणाली. आईला विचारलं, ती म्हणाली, "नको रे." मी तिकिटं काढली.

सर्वांत स्वस्त खोली घ्यायची आणि खाणं घरचं न्यायचं, असं मी ठरवलं. दशम्या, शेंगाचटणी, लाडू, विजेची किटली, चहापूड, थर्मास... हॉटेलकडून फक्त छप्पर तेवढं घ्यायचं बाकी होतं. आमची खिडकी समुद्राऐवजी हॉटेलच्या चादरी वाळत घालायच्या दोऱ्यांकडे उघडत होती. आई म्हणाली, "हवा छान खेळतीय." बाकी हॉटेल होतं तसंच राहिलं होतं. काउंटरवर तबकडीचा फोन, बोलवायला पितळी घंटी, आणि व्हरांड्यात त्याच वेताच्या खुर्च्या. आई एका खुर्चीच्या हातावरून हात फिरवून मगच बसली.

पांढऱ्या कोटातला एक म्हातारा वेटर चहा हवा का विचारायला अदबीने पुढे आला. "टी बेका अम्मा?"

"ब्याड अण्णा," आईने कन्नडमध्ये नको म्हटलं. "आत्ताच झाला."

अण्णांनी मान लववली आणि ते निघून गेले! आई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. नाटकात पुढचं वाक्य समोरच्याने खाल्लं की नटाचा जसा चेहरा होतो, तसा तिचा झाला. आता खरं सांगतो. चहाची किंमत मी कार्डावर आधीच पाहून ठेवली होती. म्हणून मी मोठ्या समंजसपणे म्हणालो, "राहू दे, तिला नकोय."

खोलीत आल्यावर मेधाने मला दाराआड गाठलं. "अहो, त्यांना हवा होता."

"मग नको कशाला म्हणाली?"

"तुम्ही चिकपेटेत बावीस वर्षं साड्या विकताय ना? एखादी बाई 'ब्याड' म्हणाली की काय करता?"

"आणखी दहा साड्या काढतो."

मेधाने दशमीचा डबा माझ्यापुढे सरकवला. मला दशमी गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना गाठून सगळी रीत समजावली. ते गंभीर झाले. "सार, अडतीस वर्षं इथं आहे. पाहुणा नको म्हणाला की नको. त्रास द्यायचा नाही, असं आम्हाला शिकवलंय."

"तीनदा विचारा अण्णा. एवढंच."

"सरी," म्हणून त्यांनी होकार दिला.

दुपारी आम्ही पुन्हा व्हरांड्यात बसलो. अण्णा आले. "टी बेका?" "ब्याड." "टी बेका?" "ब्याड." "टी बेका?" तिन्ही वेळा तोच सूर, तोच चेहरा! कोर्टात नाव पुकारतात तसं! आई घाबरली. "दिल्या, हे असं का करायलेत? खपत नाही की काय ह्यांचा चहा? सकाळचा असंल बघ!" आता मात्र तिला चहा खरोखरच नको झाला.

मी हार मानली नाही. स्वतःसाठी म्हणून चहा मागवला आणि कप तिच्यापुढे सरकवला. "घे."

"तू पी. तुला लागतो."

"अगं, घे ना."

"तुझं डोकं दुखेल रे."

गार होईल म्हणून शेवटी तो मीच प्यालो. मेधाने कपाळाला हात लावला.

तिसरा दिवस परतीचा. मेधाने सामान बांधायला जाताना मला दोन टेबलं सोडून बसवलं. "तुमचं तोंड दिसलं की त्यांना घरखर्च आठवतो." मी पेपर उघडून त्याच्याआड बसलो. आई आली ती थर्मास घेऊनच! खोलीतल्या किटलीत तिने आमचा घरचा चहा केला होता. बसायला पैसे पडत नाहीत, मग चहा आपला, असा तिचा सरळ हिशोब. माझ्याच पोटची, म्हणणार होतो, पण प्रकरण उलटं आहे.

अण्णा टेबल पुसायला आले. कालचा धसका घेतल्यामुळे त्यांनी काहीच विचारलं नाही. आईनेच थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला. "घ्या अण्णा."

"ब्याड अम्मा. ड्यूटी आहे."

"घोटभरानं काय होतंय?"

"आत्ताच झाला, अम्मा."

"माझी शपथ आहे तुम्हाला."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. मग झाकण घेतलं आणि समुद्राकडे तोंड करून उभ्या उभ्या चहा प्याले. आलं घातलेला, गोड मिट्ट. झाकण परत देताना म्हणाले, "अडतीस वर्षं इथं चहा आणून देतोय. मला 'घ्या' म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

अण्णा आत गेले आणि ट्रे घेऊन आले. ट्रेमध्ये निळ्या काठाचा एकच कप होता. "मी तुमचा घेतला," ते म्हणाले. "आता तुम्ही माझा घ्यायचा. नाही म्हणायचं नाही, अम्मा."

मी पेपर थोडा खाली केला.

"बरं," आई म्हणाली. "अर्धा."

कप भरलेला होता. तिने दोन्ही हातांत धरला आणि काचेपलीकडे बघत हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिने पदर सावरून ती थोडी जवळ ओढली. मला फार वाईट वाटलं. या एका कपासाठी मी तिला तीनशे किलोमीटर आणलं, आणि शेवटचे तीन हात मलाच ओलांडता आले नव्हते.

डोळे पुसून मी तिच्यापाशी गेलो. "कसा होता?"

"पांचट," आई म्हणाली. पण कप तिने खाली ठेवला नव्हता.

"आणखी एक सांगू?"

"नको रे."

आता मी शहाणा झालो होतो! "घोटभर?" "नको." "माझी शपथ!" "अरे, नको!" मी घंटी वाजवून चहा मागवलाच. आईने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नको म्हटलं ना? हा खरा नको होता."

तो कपही मीच प्यालो. चिकपेटेत गिऱ्हाइकाचा खरा नको कोणता आणि खोटा कोणता, हे मी पाठमोरा उभा राहूनसुद्धा ओळखतो. आईचा मात्र प्रत्येक नको मी आजवर खराच मानत आलो. स्वस्तात पडायचा.