सत्काराचा नारळ

दुधाची गाडी दारात येऊन उभी होती आणि सेंटरवर आम्ही दोघंच होतो. मी आणि रात्रपाळीचा चौकीदार बाबूमियाँ. कॉम्प्रेसर बंद. कॅन उतरवून घ्यायला माणूस नाही. ड्रायव्हरनं खाली उडी मारली, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "साहेब, आज सुट्टी हाय का काय?"

मी बाबूमियाँकडं बघितलं. बाबूमियाँनं जमिनीकडं बघितलं.

"बाकीचे कुठायत?"

"घरी," तो म्हणाला. "काल तुम्हीच सगळ्यांला नारळ दिला न्हाय का, साब."

मराठी ही माझी मातृभाषा आहे, हे इथं मुद्दाम सांगून ठेवतो. म्हणजे पुढं कुणी माझी बाजू घ्यायला नको.

हे सेंटर म्हणजे आमच्या सहकारी दूध संघाचं, कळंबच्या बाहेरचं छोटं चिलिंग सेंटर. मी तिथला मॅनेजर. चिलिंग सेंटरचं काम सांगायला सोपं आहे. गावोगावच्या सोसायट्यांतून सकाळ-संध्याकाळ कॅन येतात. दूध तपासायचं, थंड करायचं, टाकीत भरायचं आणि टँकरनं पुढं मोठ्या डेअरीला पाठवायचं. धार काढली की दूध बिघडायला लागतं, थंड केलं की ते बिघडणं लांबतं. सगळा कारभार या एका घाईवर चाललेला. उन्हाळ्यात तर विचारूच नका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. जनावरं चारा छावणीत, बायामाणसं रोजगार हमीवर खडी फोडायला. दूध निम्म्यावर आलं, मग त्याच्याही खाली गेलं. कॅन धुवायचं पाणीसुद्धा टँकरनं यायचं. म्हणजे एक टँकर पाणी घेऊन यायचा आणि एक दूध घेऊन जायचा, आणि भरलेला जास्त कोणता असायचा ते सांगायला नको.

अशात एक दिवस आमच्या चेअरमननी, म्हणजे अण्णांनी, मला बाजूला घेतलं. सेंटर परवडत नाही, बोर्डात बंद करायचं घाटतंय, असं म्हणाले. "पर मॅनेजरसाहेब, हे तुमच्यात नि माझ्यात. योग्य वेळ आली की सांगू कामगारांला." मी मान हलवली. अण्णांपुढं मान हलवण्यात माझा हात धरणारा संघात दुसरा कुणी नव्हता.

कामगारांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण डोळे त्यांनाही होते. टाकी अर्धी राहते हे त्यांना दिसत होतं. मी शेडमध्ये शिरलो की बोलणं थांबायचं. कामं व्हायची, पण जीव नसल्यासारखी. मी यावर विचार केला. माझ्या हातून ज्या ज्या गोष्टी बिघडल्या, त्यांची सुरुवात अशीच झालेली आहे.

त्याच सुमारास पुण्याला मॅनेजर लोकांचं एक ट्रेनिंग झालं होतं. टाय बांधलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला मोटिव्हेशन शिकवलं. माणूस नुसत्या पगारासाठी राबत नाही, त्याला शाबासकी लागते, तीही चारचौघांत, असं ते म्हणाले. मला ते इतकं पटलं की परतीच्या एसटीत मी उभ्यानं आलो तरी पाय दुखले नाहीत. ठरवलं, आपल्या माणसांचा सत्कार करायचा. प्रत्येकाचा.

अण्णांकडं शाल, श्रीफळ आणि हार मागितले. अण्णा म्हणाले, शाल या उन्हात कुणाला पाहिजे? हाराला फुलं कुठून आणणार? नारळ घ्या.

तर नारळ. आता, शालीबरोबर दिला तर तो सत्कार होतो आणि नुसताच हातात ठेवला तर नोकरीवरून काढलं असा त्याचा अर्थ होतो, हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. पण डोक्यात पुण्याचं ट्रेनिंग इतकं गच्च भरलं होतं की मराठीला आत जागाच उरली नव्हती.

संध्याकाळचं दूध गेल्यावर मी सगळ्यांना जमवलं. टेबलावर चादर टाकली. एकेकाचं नाव घेऊन पुढं बोलावलं, नारळ दिला, हात मिळवला आणि म्हणालो, "आजवर तुम्ही जी सेवा केलीत, त्याबद्दल संघ तुमचा ऋणी आहे." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मला वाटलं, भारावलेत.

शिवाप्पा आमचे कॉम्प्रेसर ऑपरेटर, अक्कलकोटकडचे, घरात कानडी बोलणारे, सेंटर सुरू झाल्यापासूनचे. त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला आणि हळूच विचारलं, "मग उद्याचं कसं, साहेब?"

मी म्हणालो, "उद्याची काळजी सोडा हो. घरी जा, निवांत आराम करा."

हे वाक्य मी बोललोय. साक्षीदार आहेत.

तर सकाळी दारात गाडी, गाडीत दूध, वर ऊन. मी ड्रायव्हरला म्हणालो, चल शिवाप्पांच्या घरी. दूध तसंच गाडीत ठेवून, कॅनवर ओली पोती टाकून, आम्ही खडखडाट करत कळंबात शिरलो. लोक वळून बघत होते.

शिवाप्पांच्या दारात माझा निम्मा स्टाफ बसलेला. लॅबमधले साळवेही तिथंच होते. साळवे म्हणजे आमचे दूध तपासणारे. फॅट किती, आंबटपणा किती, कुठला कॅन घ्यायचा आणि कुठला माघारी लावायचा, हे त्यांच्या हातात. भीमनगरातले, मॅट्रिक झालेले, घरातले पहिले पगारदार. मला बघून सगळे उठून उभे राहिले. त्या उभं राहण्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं.

शिवाप्पांची बायको दाराआडून बोलली. "साहेब, त्यो नारळ तसाच हाय बघा. कशाचा म्हणून फोडू? म्या जातेच खडीला, आता हेबी येतील. पर ह्यांची कंबर न्हाय तसली."

मी सगळा घोटाळा सांगितला. पुण्याचं ट्रेनिंग, शाल, अण्णा, सगळं. सत्कार होता तो, काढून टाकणं नव्हतं. एकजण हसला. मग दोघं-तिघं हसले. शिवाप्पा म्हणाले, "आन म्या रातभर हिशेब लावीत बसलो, चुकलं कुठं आपलं." मला वाटलं, निभावलं. आता सगळे गाडीत चढतील.

साळवे हसले नव्हते.

"नारळाचं समजलं, साहेब," ते म्हणाले. "माणूस हाय, चुकतो. मग एवढंच सांगा, सेंटर बंद होणार न्हाय ना?"

मी गाडीकडं बघितलं. पोत्यांतून पाणी ठिबकत होतं. मी म्हणालो, दुधाचा वेळ होतोय, ते नंतर बोलू.

साळवेंनी मान डोलावली. "म्हंजे नारळ बरोबरच हाय. तारीख तेवढी चुकली."

मी तिथंच, उभ्याउभ्या सांगून टाकलं. बंद करायचं चाललंय, पक्कं झालेलं नाही. मला माहीत होतं. गप्प बसा म्हणून सांगितलं होतं आणि मी बसलो. आणि हे सांगायचं टाळायला तुमचा सत्कार केला, हे मात्र मी म्हणालो नाही, कारण ते मलाच तेव्हा नुकतं कळत होतं.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. शेवटी शिवाप्पांनी खुंटीवरचा शर्ट ओढला.

"चला रं. गावाकडल्या बायांनी पहाटं उठून धारा काढल्यात. त्यांनी काय आपल्याला नारळ दिला न्हाय."

सगळे गाडीत चढले. साळवे सगळ्यात शेवटी. चढताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "इथनं पुढं जे कळंल ते त्याच दिवशी सांगायचं. वाईट असलं तरी. तेवढं केलंत तर सत्कार नको."

सेंटरवर पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. साळवेंनी एकेक कॅन तपासला आणि बरेच माघारी लावले. दूध आंबलं होतं. आपल्या सेंटरच्या दारातून एवढे कॅन परत जाताना मी पहिल्यांदाच बघितले. मॅनेजरच्या हौसेचा भुर्दंड चार गावांनी भरला, आणि त्यांचा तर मी साधा चहापाण्याचाही कार्यक्रम केला नव्हता.

अण्णांचा फोन आला. त्यांना सगळं कळलं होतं. "तुमाला गप बसायला सांगितलं होतं का न्हाय?"

मी म्हणालो, "मी गप्पच होतो अण्णा. नारळानं बोलून टाकलं."

त्यांना हा विनोद आवडला नाही. खरं तर मलाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी कॉम्प्रेसर शेडमध्ये उभा राहायला लागलो. काल काय कळलं ते सांगायचं. बहुतेक दिवशी सांगायला काहीच नसायचं, तर तेही सांगायचं. हे काम किती कंटाळवाणं असतं ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. भाषण नाही, टेबलावर चादर नाही. "काही ठरलं नाही" हे तेच वाक्य रोज म्हणायचं आणि त्याच चेहऱ्यांकडं बघायचं. कधी उत्तर यायचं, कधी नुसता कॉम्प्रेसरचा आवाज. काहीजण दुसरीकडं काम शोधायला लागले. अण्णा म्हणाले, तुम्ही माणसं पळवून लावताय. असेलही. पण जे राहिले ते ठरवून राहिले, आणि त्यानंतर आमच्या चुकीनं एकही कॅन आंबला नाही.

पाऊस यायच्या आधी सेंटर बंद झालं. बोर्डानं ठरवलं त्याच संध्याकाळी मी शेडमध्ये जाऊन सांगितलं. कुणी दचकलं नाही. शिवाप्पांनी बार्शीला बर्फाच्या कारखान्यात आधीच बोलून ठेवलं होतं. साळवेंनी सरकारी डेअरीत अर्ज केला होता, तिथं ते लागले. दोघातिघांचं काहीच जमलं नव्हतं, ते रोजगार हमीवर गेले. त्यांनाही मी वेळेवर सांगितलं होतं, पण नुसतं वेळेवर सांगून पोट भरत नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

शेवटचा टँकर भरला. शिवाप्पांनी कॉम्प्रेसर बंद केला आणि सवयीनं पुसून ठेवला. टँकरचा ड्रायव्हर माझा हात हातात घेऊन म्हणाला, "साहेब, बदलीच्या गावी तुमीबी सांभाळून ऱ्हावा. उमरग्याकडं पाणी लई जड हाय म्हणत्यात."

मी विचारलं, "उमरग्याला कोण चाललंय?"

त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.

मी ऑफिसात जाऊन अण्णांना फोन लावला. अण्णा अजिबात गडबडले नाहीत. "अहो, सांगणारच होतो," म्हणाले. "योग्य वेळ बघत होतो."

पुढं निवृत्त होईपर्यंत मी बऱ्याच ठिकाणी साहेबकी केली. योग्य वेळ म्हणजे साहेबाला सोयीची वेळ, आणि तोवर ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. मोटिव्हेशनमधलं मला कळलं ते एवढंच.