फाळक्यावरच्या दोन थापा

भूतबित काही नसतं, हे मी आजपण म्हणतो. मेलेलं माणूस मेलं. माझी बायको जनी गेली तेव्हा पाड्यातल्या बायका काय काय बोलायला लागल्या, त्यांना मी तोंडावर गप्प केलं. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. पण झालं तेच लिहितोय.

माझी पिकअप जुनी. तसली आता रस्त्यावर दिसत नाही. इंजिन एवढंसं... रिक्षाला बसवलं तरी चालेल. पण तिच्यावर मी विटा, रेती, चिकूचे क्रेट सगळं ओढलं. तलासरीच्या पुढे आमच्या पाड्याला जायला चढ आहे. भरलेली गाडी तो एका दमात चढत नाही. इंजिन धापा टाकायला लागलं की न्यूट्रल करून ब्रेक दाबून थांबायचं. हँडब्रेक धरतच नाही. मग जनी दगड घेऊन उतरायची, मागच्या चाकाला लावायची आणि हौद्याच्या मागच्या फाळक्यावर हाताने दोन थापा मारायची. थापा ऐकल्या की मी ब्रेकवरचा पाय काढायचा. इंजिन गार झालं की पुढे. आख्खा संसार असाच चढवला.

"गाडी तुमच्यासारखीच," म्हणायची. "आवाज फार, जोर नाही."

"मग उतर आणि ढकल."

"लग्न झाल्यापासून ढकलतेच आहे की!"

घरात लादी बसवा, एवढंच तिचं मागणं होतं. जमीन सारवून गुडघे गेले होते तिचे. ती गेली आणि मग मी लादी आणायला निघालो. का, ते विचारू नका.

डहाणू रोडला लादी भरली. विवळवेढ्याच्या देवळापाशी थांबलो नाही, देवीला नुसता हात केला. तलासरीच्या फाट्यावर माझी मुलगी सुनीता भेटली — स्कूटीवर, पुढे तिची लहान पोर उभी. माझ्याकडेच येत होती.

"बाबा, लादी हलतेय. मी मागेच राहते."

"राहा. पण लांब."

ऐकते कुठे!

भर दुपार. रस्त्यावर दुसरं कुणी नाही. निम्म्या चढाला इंजिन बसलं. मी न्यूट्रल केलं, ब्रेक दाबला आणि सवयीने ओरडलो, "लाव गं!"

दोन थापा पडल्या. मी पाय काढला.

काढल्यावर आठवलं... ती नाही.

गाडी मागे जायला पाहिजे होती. लादीने भरलेली. मागे सुनीता आणि पोर. गाडी हलली नाही. बाजूला बघितलं तर दगड जनीच्या सीटवर, मी सकाळी ठेवला तसाच.

तेव्हा कुठे ब्रेक परत दाबला. "सुनीता, बाजूला हो!"

"झाले! बाबा, थापा कोणी मारल्या?"

"तू नाही?"

"माझे दोन्ही हात हँडलला!"

"चाकामागे काय आहे ते बघ."

"काही नाही. नुसता रस्ता."

मेकॅनिक म्हणतो, ब्रेक जाम झाला असेल. असेल. मग तीच गाडी नंतर वर कशी चढली, ते सांगत नाही. जावई म्हणतो, लादीवर लादी आपटली असेल. असेल. लादी बसली घरात. पायाला गार लागते. भीती वाटली का, लोक विचारतात. नाही वाटली. रडूपण आलेलं नाही अजून.

खुलासा माझ्याकडे नाही. एवढंच सांगतो — त्या दिवशी सुनीताने सीटवरचा दगड नेला, चाकाला लावला आणि फाळक्यावर एक थाप मारली.

"बाबा, लावलाय! पाय काढा की!"

मी काढला नाही. दुसरी पडेपर्यंत बसून राहिलो.