डॉक्टरच्या पाठीवरचे डोंगर

दोर्वालिनोच्या दुकानात केस कापायला गेलात, की मानेभोवती कापड गुंडाळायच्या आधी तो तुम्हाला कासव दाखवायचा. आतल्या खोलीत जाऊन मुलीच्या कॉटखालून बुटांचं खोकं ओढायचा आणि तळहाताएवढं ते पिल्लू गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवायचा.

"हे आमचे डॉक्टर. पाठीवरचे उंचवटे बघा. लिंदाल्वाचा दमा इथे साठतोय."

हातात कात्री असलेल्या माणसाला गिऱ्हाईक बिचारं काय बोलणार? मान डोलवायचं.

ब्राझीलमधल्या आमच्या बेलेंमध्ये दमेकरी पोराच्या कॉटखाली कासव ठेवतात. पोराचा आजार ते ओढून घेतं, असं ऐकतच मीही वाढले, तेव्हा मी काही फार शहाणी नाही. पण दोर्वालिनोचं सगळंच जरा जास्त. त्याची बायको दम्यानं गेली तेव्हा लिंदाल्वा चालायलाही लागली नव्हती. पुढे तिच्याही छातीत शिट्टी वाजायला लागली, आणि ह्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. आरोग्य केंद्रातून आणलेला पंप तो तिला नेमाने द्यायचा, पण भरवसा सगळा कासवावर. त्यात कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की कासव ओलं झालं तर घेतलेला दमा परत करतं. झालं! आमच्या गावात दुपारचा पाऊस सहसा चुकत नाही. भेटायची वेळसुद्धा आम्ही 'पावसाआधी' की 'पावसानंतर' अशी ठरवतो. अशा गावात ह्याने एक जीव कोरडा ठेवायचा चंग बांधला. खोक्यात वर्तमानपत्र, खायला पाव आणि कुत्र्याचं खाणं, प्यायला झाकणभर पाणी, तेही लगेच उचललेलं.

मी लिंदाल्वाची धर्मआई, म्हणून तो मला कोमाद्रे म्हणतो आणि म्हणूनच मला बोलायचा हक्क आहे. तो मी रोज बजावते.

"अरे, माझ्या मावशीची कासवं केळीखालच्या चिखलात लोळायची. पाठी कशा करवंटीसारख्या गुळगुळीत! तुझ्या डॉक्टरचा अननस झालाय."

"तुमच्या मावशीकडे दमेकरी कुठे होतं कोण? काम नव्हतं त्या कासवांना. आमच्या डॉक्टरांना ड्यूटी आहे."

एकदा इव्होनी नावाची पशुवैद्य तिच्या मुलाला केस कापायला घेऊन आली. दोर्वालिनोने सवयीने खोकं काढलं.

"आता दुकानात दोन डॉक्टर," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

इव्होनीने पिल्लू उलटंसुलटं करून पाहिलं. "दमाबिमा काही नाही हो. वाढत्या वयात ह्याला ओल मिळालेली नाही. मग कवचाचा एकेक तुकडा आडवा पसरायचा सोडून वर चढत जातो. ह्याला ओल्या मातीत, पाल्यात ठेवा. रोज उथळ पाण्यात बसवा. कुत्र्याचं खाणं बंद. हिरवा पाला द्या, जास्वंदीची फुलं द्या, मधूनमधून पपई."

"मग हे उंचवटे बसतील?"

"झालेले नाही बसणार. नवीन वाढ सपाट येईल."

"आणि माझी मुलगी?"

"तिला पंपाचा गुण येतोय. तो मात्र सोडू नका."

दोर्वालिनोने खोकं परत कॉटखाली सरकवलं. केस कापताना इव्होनीच्या पोराचा कान त्या दिवशी थोडक्यात वाचला.

ती गेल्यावर मी विचारलं, "ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण तिचं चुकलं तर? कासव दुसरं मिळेल, कोमाद्रे. मुलगी?"

एरवी माझं तोंड बंद राहत नाही, पण त्याच्या बायकोच्या अंत्ययात्रेत मी त्याच्या शेजारून चालले होते.

पुढच्याच आठवड्यात मी आसाईच्या फळांच्या गराचा वाडगा घेऊन त्यांच्याकडे गेले. लिंदाल्वा कॉटवर पालथी पडली होती. गाल फुगलेले, तोंड लालबुंद, डोळे बाहेर यायला आलेले. मी किंचाळले. दोर्वालिनो हातात वस्तरा घेऊन धावत आला, दुसऱ्या हाताने पंप शोधायला लागला. लिंदाल्वाने तो हात ढकलला, श्वास सोडला आणि रडायला लागली.

"मला दम नाही लागला, बाबा. मीच श्वास धरून ठेवला होता."

"का गं?"

"मी श्वास सोडला की तो डॉक्टरच्या पाठीवर जातो ना. अजून एक डोंगर झाला तर त्याला चालता येणार नाही."

"कधीपासून करतेस हे?"

"रोजच. जमेल तेवढं."

दोर्वालिनो तिच्या कॉटशी खाली बसला. ह्या पोरीचा एकेक श्वास टिकावा म्हणून त्याने देवाला हात जोडले होते, आणि त्याच्याच फुशारकीपायी ती तो कोंडून धरत होती. मला त्याची इतकी दया आली, की टोमणा मारायचं राहून गेलं.

एवढ्यात पत्र्यावर पाऊस आला. तो उठला, खोकं ओढलं, डॉक्टरला तळहातावर घेतलं आणि मागच्या अंगणात जाऊन केळीखालच्या चिखलात ठेवलं. वस्तरा हातातच. डॉक्टरने मान लांब करून डबक्यात तोंड घातलं आणि पीतच राहिला. दोर्वालिनो त्याच्याकडे बघतच नव्हता. तो दारात उभ्या असलेल्या लिंदाल्वाच्या छातीकडे बघत होता. मीही तिकडेच बघत होते. छाती वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली.

"अहो, माझी अर्धी दाढी!" दुकानातून गिऱ्हाईक ओरडलं.

"थांबा हो!" मीच ओरडले.

डॉक्टर आता अंगणातच राहतो. डोंगर आहेत तसेच आहेत, पण प्रत्येकाच्या पायथ्याला नव्या कवचाची सपाट, तकतकीत पट्टी आलीय. मध्ये लिंदाल्वाची छाती भरली होती. दोर्वालिनोने पंप दिला आणि खिडकीतून केळीकडे पाहिलं. पण कासव त्याने आत आणलं नाही.

लिंदाल्वा डॉक्टरला उचलून त्या सपाट पट्टीवर तोंड टेकवते आणि छाती रिकामी होईपर्यंत फुंकते.

"बघ बाबा, काही होत नाही त्याला."

"पुन्हा फुंक," दोर्वालिनो म्हणतो.