रिकाम्या मनगटांची मणेरीण

मानमोडीच्या तापाच्या साथीत मेहबूब मणेर गेला. त्याच्या बायकोची, हुस्नबानोची इद्दत, म्हणजे विधवेने घरात बसायची मुदत संपली आणि लोणावळ्याच्या बाजारातल्या त्या घरात पहिला प्रश्न निघाला तो मेहबूबच्या गावांचा. मणेरांच्या घरांत गावं वाटलेली असत. कुसगाव, डोंगरगाव, वरसोली, वाकसई ही मेहबूबची. तिथल्या बायकांच्या हातात दुसऱ्या मणेराने बांगडी भरायची नाही, हा रिवाज सगळ्यांनी पाळलेला.

"गावं मला द्या," धाकटा दीर नसीर म्हणाला. "वहिनीला आणि शमीमला दाणागोटा मी घालीन. घरच्या बाईने पाठीवर गाठोडं मारून कशाला हिंडायचं?"

नसीर वाईट नव्हता. तो म्हणाला तसं त्याने केलंही असतं. पण आपली सात वर्षांची लेक शमीम काकाच्या ताटाकडे बघत वाढेल, हे हुस्नबानोच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती दाराआडून बोलली, "दाणागोटा नको, भाईजान. गावं राहू द्या."

सासरे वाहिदमियाँ बाजेवर बसून सुपारी कातरत होते. "बेटी, तुझं मनगट रिकामं. तुझ्यापुढं सवाष्ण हात करील?"

"नाही केला तर घरी बसेन, अब्बा. पण आधी जाऊन तर बघू दे."

म्हाताऱ्याने विचार करून मुदत दिली. पुढच्या सालचा वैशाख सरेपर्यंत या चार गावांत एका तरी लग्नाचा चुडा तिच्या हातून भरला गेला, तर गावं तिची. नाहीतर नसीरची. तोवर कुणी स्वतःहून बोलावलं तर नसीरनेही जावं.

सुरुवातच फसली. डोंगरगावात एक नवी सून समोर बसली. हुस्नबानोला आपला हात किती सफाईदार आहे ते दाखवायचं होतं. मनगटाला अगदी बसती बांगडी चढवणं ही मणेराची शान, म्हणून तिने एका मापाने लहान बांगडी घेतली. सहावी बांगडी हाडावर आली आणि कट्‌ झाली. पोरीच्या हातातून रक्त आलं.

"वाढवली की गं बांगडी," सुनेची सासू गार आवाजात म्हणाली. "रिकाम्या हाताची बाई भरायला बसली, मग दुसरं काय व्हनार."

त्या आळीत पुन्हा कुणी तिला बसायला घोंगडी टाकली नाही.

घरी येताना वाटेत ती रडली. घरी आल्यावर मात्र तिने तीच लहान मापाची बांगडी काढून आपल्या हातावर चढवून पाहिली, उतरवून पाहिली. दोष कपाळाचा नव्हता, घाईचा होता. लोकांनी वाहवा करावी म्हणून हात चालला होता. पोरीच्या हाताकडे तिचं लक्षच नव्हतं. पुढे तिच्याकडे धंदा शिकायला येणाऱ्या पोरीबाळींना ती हे खणखणीत सांगायची. काम बिघडलं की आधी आपला हात तपासायचा, नशीब मागून. आणि नावाजलेली कामं मिळत नसतील तर दारात उभं राहून हात पसरायचे नाहीत. ज्या कामाला कुणी हात लावत नाही ते उचलायचं, तिथे शिकायला मिळतं आणि घाई करायला कुणी येत नाही. शिकून शहाण्या झालेल्या आपल्या लेकीसुनांनाही हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

असं कुणाला नको असलेलं काम तिला कुसगावात सापडलं. रखमाजी नावाच्या शेतकऱ्याची आई धोंडाबाई जन्मभर चिखलात वाकून भाताच्या आवण्या करून बोटांचे सांधे आखडून बसली होती. नवरा दत्तोबा हयात, म्हणून हातात काचेच्या दोन जुन्या बांगड्या. पण कित्येक वर्षांत नवी चढली नव्हती.

"म्हातारीच्या हाताला न्हाई चढत गं," धोंडाबाई म्हणाली. "तुजा नवरा पन हरला व्हता."

"हरले न्हाईत, आजी. त्यांना चार गावं करायची असायची. मला हितं कुनी बोलवतच न्हाई, मग घाई कसली? वाईच कोमट पानी द्या."

तिने तो हात पाण्यात धरून ठेवला. मग खोबरेल लावून एकेक सांधा अंगठ्याने दाबत बसली. ऊन उतरायला लागलं.

"मेल्यावर घालशील का काय?"

"न्हाई, आजच घालते. तवर सासूची गाऱ्हाणी सांगा."

"सासू कवाच मेली."

"मग सुनेची सांगा."

चुलीपाशी बसलेली सून शालूबाई खुदकन हसली, म्हातारीही हसली. हसताना हात सैल पडला आणि बांगडी सांध्यावरून आत गेली. दिवेलागणीपर्यंत दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या झाल्या. धोंडाबाई त्या वाजवत गावभर फिरून आली.

मग सुजलेल्या हातांच्या, भाजलेल्या हातांच्या, दिवस भरत आलेल्या बायका हुस्नबानोला निरोप धाडू लागल्या. नसीर चिडवायचा, "वहिनी, तुमचा दवाखाना बरा चाललाय." ती गाठोडं बांधून निघे. पण वर्ष उलटलं, वैशाख लागला, तरी नवरीचा हात कुणी पुढे केला नव्हता.

त्याच वैशाखात रखमाजीच्या लेकीचं, मुक्ताचं लग्न निघालं. रखमाजीची बहीण अंबूबाई हिने चुड्याला परस्पर नसीरला बोलावणं धाडलं. मुदतीतलं ते शेवटचं लग्न. हुस्नबानोला ते उडत उडत कळलं.

चुड्याच्या दिवशी रखमाजी स्वतः घाम पुसत दारात आला. "आई हटून बसलीया, तुज्याच हातनं भरनार म्हनती. थोरली सवाष्ण भरल्याबिगर नवरीला भरता येत न्हाई, आन् आईनं हात पदराखाली घेतलाय. तेवढं आईचं भरून दे. बाकीचं नसीरभाई बघतील."

शमीमला शेजारच्या कमरजहाँकडे सोडून ती निघाली. वाटभर एकच विचार. म्हातारीचं भरून निमूट परत आलो, तर जन्मभर म्हाताऱ्यांची मणेरीण म्हणून राहू आणि गावं जातील. नाही म्हटलं तर कदाचित हेही घर जाईल.

मांडवात बायका दाटीने बसल्या होत्या. नसीर बांगड्यांच्या हिरव्या माळा सोडून वाट बघत होता. हुस्नबानो धोंडाबाईसमोर बसली, पण गाठोडं सोडलं नाही.

"भरते, आजी. पण या घरात आज मी भरले तर नवरीलाही मीच भरीन. एका मांडवात दोन हात नकोत. नसंल पटत तर नसीरभाईंच्या हातून दोघी भरून घ्या. मी राग धरनार न्हाई."

"वहिनी, हट्ट करू नका," नसीर हळूच म्हणाला. "म्हातारीचं भरा अन् घरी जा."

"हट्ट न्हाई, भाईजान. वर्षभर हेच काम केलंय."

अंबूबाई उसळली. "रांडाव बाई नवरीला चुडा भरनार? काय बोलतीस, कळतंय का?"

धोंडाबाईने पदराखालचे हात बाहेर काढले. "अंबू, वर्सभर हिच्याच हातच्या बांगड्या माज्या हातात हायती. तुजा बा कुटं हाय बघ बरं?"

अंगणात दत्तोबा बिडी ओढत आचाऱ्याशी भांडत होता.

"जित्ता हाय नव्हं? उलट जादाच बोलाया लागलाय."

मांडव हसला. अंबूबाईला हसू आलं नाही. सगळ्यांनी शालूबाईकडे पाहिलं. लेक तिची होती. तिने सासूकडे पाहिलं, हुस्नबानोच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आजीचं झालं की मुक्ते, तू बस."

धोंडाबाईनंतर मुक्ता बसली. पुढे झुकून कुजबुजली, "जरा घट्ट भरा. मैत्रिनी बघत्यात."

"घट्ट न्हाई. सासरी हात सारखा पान्यात ऱ्हाईल, सुजला म्हंजे तुलाच दुखंल." हुस्नबानोने माप बघून माळ निवडली, अंगठा तळव्यात दुमडला आणि कुणाकडेही न बघता एकेक बांगडी चढवत गेली. सगळ्या बायका कान देऊन ऐकत होत्या. काचेवर काच किणकिणत होती, बस्स.

चुडा पुरा झाला. भरणाऱ्याला वाकून नमस्कार करायची रीत. मुक्ता क्षणभर थांबली, आईकडे बघून वाकली. हुस्नबानोने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नसीरने आपल्या माळा गुंडाळल्या. मांडवाच्या तोंडाशी थांबून तो म्हणाला, "अब्बांना मीच सांगतो."

हुस्नबानोने नुसती मान हलवली. तोवर तिच्या हातात पुढच्या बाईचा हात आला होता.