भाऊजींचं 'हव'

रायपूर राजधानी झालं, मंत्री आले, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, पण तोंडावर 'नाही' म्हणायची हिंमत या सगळ्या शहरात एकाच माणसात होती, आणि तो माणूस आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात खालच्या खोलीत राहत होता. ते माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणायची, मोहल्ला दादाजी म्हणायचा आणि पेपरवाले 'वयोवृद्ध नेता' लिहायचे. ते वाचून भाऊजी चिडायचे. "वयोवृद्ध काहून? वय माझ्या घरचं हाय, यांना काय करायचं त्याच्याशी?" बायको तरुणपणीच गेली, मूल नाही, म्हणून जेवण माझ्या हातचं. त्याचंही कौतुक नाही. "वहिनी, आजची भाजी जमली नाही." मी म्हणायची, "मग उद्या तुम्ही करा." लगेच उत्तर, "नाही." आणि मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

पुढारी माणूस 'बघू' म्हणतो, 'अर्ज ठेवून जा' म्हणतो, 'वरती बोलतो' म्हणतो. भाऊजींकडे हे शब्दच नव्हते. काम होण्यासारखं असलं तर ते 'हव' म्हणत. हव म्हणजे छत्तीसगढीत हो. भाऊजी घरी वऱ्हाडी बोलत, सभेत हिंदी, खेड्यातल्या माणसाशी छत्तीसगढी, पण होकार तिन्हीकडे हाच. एकदा हव म्हटलं की माणूस घरी जाऊन निवांत झोपायचा. काम होण्यासारखं नसलं तर मात्र आधी आत आवाज यायचा, "वहिनी, चहा!" नकार मिळालेला माणूस कोरड्या घशानं जाऊ नये, असा त्यांचा नियम होता. हव मिळालेल्याला पाणीसुद्धा विचारत नसत, "काम झालं ना, मग इथं काय करून राहिला? घरी जाय." हळूहळू ही गोष्ट सगळ्या मोहल्ल्याला कळली. मी ट्रे घेऊन दारात दिसले की बसलेल्या माणसाचं तोंड उतरायचं. एक बाई तर माझ्यापुढं हात जोडून म्हणाली, "काकी, चाय मत दो, मैं पीकर आई हूँ." मी म्हटलं, "घे बाई, साखर जास्त टाकली आहे."

निवडणुकीतही तेच. एका वस्तीत लोकांनी सडक मागितली. बाकीचे उमेदवार सडक, दवाखाना, शाळा, सगळं कबूल करून गेले होते. भाऊजी माईकवर म्हणाले, "सड़क नहीं होगी. नाली होगी. नाली चाहिए तो वोट दो, नहीं तो मत दो." लोक हसले आणि मतं दिली. नालीही झाली. एकदा हरलेसुद्धा. त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "वहिनी, आज लोकांनी मले नाही म्हटलं. तोंडावर म्हटलं, चांगलं केलं." आणि पोटभर जेवले. आधी ते विधानसभेसाठी भोपाळला जात, तेव्हा लोक गाडीत बसून तिथवर नकार ऐकायला जायचे. राज्य वेगळं झालं तेव्हा मी म्हटलं, चला, आता लोकांचं गाडीभाडं वाचलं, नकार घरबसल्या मिळेल.

त्यांच्या नावाचा पत्थर या शहरात कुठंही नाही. कसा असेल? दुसऱ्यांनी जे केलं त्यावर त्यांची नावं आहेत. भाऊजींनी जे होऊ दिलं नाही त्यावर पत्थर कुठं बसवायचा? शहराच्या कडेला एक तलाव आहे. त्याचा एक कोपरा बुजवून दुकानं काढायची एका ठेकेदाराची फार इच्छा होती. तो वर्षानुवर्षं आमच्या घरी येत राहिला आणि माझा चहा पीत राहिला. तलाव अजून आहे. सकाळी तिथं फिरायला जाणाऱ्यांना भाऊजींचं नावही ठाऊक नसेल.

मग एक दिवस दाढी करता करता भाऊजी खुर्चीतच कलंडले. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. उजवं अंग गेलं. दवाखान्यात नेलं आणि गावाला जो काय उमाळा आला तो पाहून मी थक्क झाले. कुठं हवन, कुठं दर्ग्यावर चादर, कुठं अखंड रामायण. चौकात फलक लागले, 'दादाजी शीघ्र स्वस्थ हों'. त्यात दादाजींचा फोटो सुपारीएवढा आणि लावणाऱ्याचा परातीएवढा. आयुष्यभर ज्यांनी त्यांना खडूस म्हटलं, ते टीव्हीवर 'राजनीति के संत' म्हणून राहिले होते. आमच्या समोरचा पानवाला, ज्याला भाऊजींनी फुटपाथवर ठेला वाढवू दिला नव्हता, तो मात्र नुसता रडला. मधेच कोणी अफवा उठवली की दादाजी गेले. एकाचा फोन आला, "काकी, अंतिम यात्रा कितने बजे है?" मी म्हटलं, "अजून दूध पिऊन राहिले. पिऊन झालं की विचारून सांगते."

भाऊजी वाचले. घरी आले तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता. हव. तीन भाषांत बोलणारा माणूस, सगळं गेलं आणि तेवढंच राहिलं. डॉक्टरांनी मला समजावलं की त्यांना बरंचसं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. माझी शाळा चौथीपर्यंतची, मी माझ्या परीनं समजून घेतलं: दुकान उघडं आहे, पण माल एकच शिल्लक आहे. दूध पाहिजे? हव. नको? हव. पंखा लावू? हव. बंद करू? हव. आठवडाभरात मी विचारणंच सोडलं, तोंडाकडं पाहून ठरवायला लागले.

पण लोकांना हे कुठं ठाऊक? पहिला एक तरुण पुढारी आला, पाया पडला, म्हणाला, "दादाजी, इस बार टिकट के लिए मुझे आशीर्वाद है न?" "हव." तो डोळे पुसत बाहेर गेला आणि दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. त्याच्या शेजारी तिसऱ्या दिवशी त्याच्या विरोधकाचा लागला, कारण त्यालाही हव मिळालं होतं. मग रांगच लागली. कोणाला बदली, कोणाला जमीन, कोणाला समितीचं अध्यक्षपद. आयुष्यभर ज्या शब्दासाठी माणसं तरसली तो शब्द आता फुकट मिळत होता, आणि त्याला किंमत होती ती भाऊजींनी जन्मभर जपलेल्या नकाराची. मला ते सारखं टोचायचं. भाऊजींनी कमावलं ते एवढंच होतं, आणि ते हे लोक त्यांच्या डोळ्यांदेखत लुटून नेत होते.

शेवटी तो तलावाचा ठेकेदार आला. सोबत चार माणसं, एकाच्या हातात रेकॉर्डिंग चालू केलेला मोबाइल, तो भाऊजींच्या तोंडासमोर धरलेला. "दादाजी, उस कोने का काम अब शुरू कर दें? आपकी तरफ से हाँ है न?" भाऊजींच्या तोंडून आलं, "हव." आणि त्याच वेळी त्यांचा डावा हात गादीवर आपटत होता. एकदा, दोनदा, जोरजोरानं. डोळे लाल झालेले. तोंड परत म्हणालं, "हव, हव." ठेकेदार हसून म्हणाला, "देखिए, कितने खुश हैं."

मी पदर खोचला आणि पुढं झाले. "मोबाइल बंद नको करू भैया. मले पण दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत, त्याही घे." मग भाऊजींना विचारलं, "भाऊजी, मी अठरा वर्षांची आहे का?"

"हव."

"हा तलाव मी माहेराहून आणला होता का?"

"हव."

"हा जो समोर उभा आहे, हा चोर आहे का?"

"हव!"

खोलीत कोणीतरी फुसकन् हसलं, मग सगळेच हसले. ठेकेदाराची माणसंसुद्धा. भाऊजींचं अर्धं तोंड वाकडं होतं, पण उरलेल्या अर्ध्यानं ते असे हसले की लाळ गळाली. हात थांबला होता. ठेकेदार म्हणाला, "काकी, ये आपने ठीक नहीं किया." मी म्हटलं, "बस, चहा घेऊन जाय." तो बसला नाही.

त्या हसणाऱ्यांपैकीच कोणीतरी ते मोबाइलातलं बोलणं पुढं पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत ते साऱ्या शहरात फिरलं. दादाजी सगळ्यांनाच हव म्हणतात, हे कळलं आणि चौकातले फलक आपोआप उतरले. तलावाचं काम तिथंच राहिलं. रांगही संपली. अगदी एकदम, नळ बंद करावा तशी. दारातल्या चपला गेल्या, गाड्या गेल्या, टीव्हीवाले गेले.

माझा मुलगा रागावला. त्याचं शिक्षण इथलं, मी मराठीत बोलते आणि तो हिंदीत उत्तर देतो. "आई, क्या जरूरत थी? लोग आते थे तो काका का मन लगा रहता था."

"लोक कुठं येत होते? हव न्यायले येत होते."

"फिर भी. चेहरे तो दिखते थे."

मी केलं ते बरोबरच केलं, आजही कोणी विचारलं तर हेच सांगेन. पण तो म्हणाला त्यातही काही खोटं नव्हतं.

त्यानंतर आली ती मोजकी माणसं, आणि गंमत अशी की त्यांतल्या बहुतेकांना भाऊजींनी कधीतरी 'नाही' म्हटलेलं होतं. पानवाला दुपारी येऊन पाय दाबून द्यायचा. शंकर नगरहून एक रिटायर बाबू यायचे आणि पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यांच्या मुलाच्या नोकरीसाठी भाऊजींनी शब्द टाकायला नकार दिला होता. मी सरळ विचारलं, "राग नाही आला?" ते म्हणाले, "आया था काकी. पर सबने मुझे सालों घुमाया, इन्होंने एक दिन में छुड़ा दिया. अगले ही दिन लड़के को दुकान पर बिठा दिया मैंने." आणि पुढची बातमी वाचायला लागले.

भाऊजी त्यानंतर एक पावसाळा आणि एक हिवाळा जगले. एका संध्याकाळी बाबू निघून गेले होते आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तांदूळ निवडत होते. भाऊजी खुर्चीत बसून रिकाम्या दाराकडं पाहत होते, बराच वेळ. मी कधी लाडानं बोलले नाही त्यांच्याशी, तेव्हाही नाही. नुसतं विचारलं, "भाऊजी, गर्दी गेली, बरं झालं ना?"

"हव."

थोड्या वेळानं मी उलटं विचारून पाहिलं. "का वाईट वाटते?"

"हव."

कोणतं हव त्यांचं आणि कोणतं आजाराचं, ते मला कळलं नाही. दोन्ही त्यांचीच असतील. मी तिसरं काही विचारलं नाही. ताट बाजूला ठेवलं आणि त्यांची खुर्ची जरा ओढून अशी केली की दाराऐवजी खिडकीतून रस्ता दिसावा.