सहा आठवडे हरीण

गेल्या उन्हाळ्यात मी डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये सहा आठवडे हरीण होतो.

वस्ती तशी गुणी आहे. तळ्याभोवती पायवाट आहे, चालत जाण्याच्या अंतरावर लायब्ररी आहे आणि सगळी घरं एकाच साबणाच्या रंगाची आहेत. (पहिल्याच आठवड्यात मी दोनदा दुसऱ्यांच्या दाराला किल्ली लावली.) उणीव एकच. आमच्या दारात फूल नाही. असोसिएशनने लावलेली दोन गोल झुडपं आहेत, ती बाराही महिने हिरवी असतात आणि त्यापलीकडे काही करत नाहीत.

माझ्या बायकोला, सुधाला, जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. निखिल, माझा मुलगा, मला पुण्याहून घेऊन आला आणि मी तिचा फोटो. फोटोपुढे रोज ताजं फूल ठेवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. (ती असताना मी एकदाही आणलं नव्हतं!) निखिलने दुकानातून गुच्छ आणला. फ्रिजमधला! सुधाने तो शिळा म्हणून परत पाठवला असता.

मग पुण्यातले निवृत्त लोक करतात तेच मी केलं. पहाटे टोपी घालून, हातात पिशवी घेऊन फिरायला निघालो आणि लोकांच्या परसातून पायवाटेवर वाकलेली फुलं तोडली. सुधाचा नियम मात्र पाळला: झाडावरचं शेवटचं फूल तोडायचं नाही. पहिल्या दिवशी एकच तोडलं. पंधरवड्यात फोटोभोवती महिरप झाली.

एके सकाळी मागच्या घरातल्या लिंडाबाईंनी मला गाठलं.

"माझे गुलाब कोणीतरी खातंय. तुम्ही रोज पहाटे फिरता ना? हरीणच असेल, नाही का?"

(इथे हरणं वस्तीत शिरून बागा खातात.) मी हो आणि नाही यांच्या बरोबर मधोमध मान हलवली. (या सवयीमुळे सुधा मला नंदीबैल म्हणायची.)

संध्याकाळी सूनबाईंनी, केतकीने, वस्तीच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला. "बाबा, हे हरीण फारच इंटेलिजंट आहे हं! प्रत्येक झाडावर एक फूल सोडतं म्हणे!"

"चांगल्या घरचं असेल," मी म्हणालो.

सहाव्या आठवड्यात लिंडाबाईंनी गुलाबांवर हरणं पळवायचा फवारा मारला. मला पत्ता नाही. माझं नाक, सुधाच्या मते, फक्त चष्मा टेकवायला आहे. मी फुलं आणली, फोटोपुढचं ताट सजवलं, वाचत बसलो. तेवढ्यात वरच्या खोलीतून, ऑफिसची ऑनलाइन मीटिंग सोडून, केतकी ओरडत आली.

"बाबा, गॅस लीक! बाहेर चला, आत्ताच्या आत्ता!"

"मला तर कसलाच वास येत नाहीये."

"तुम्हाला कधी आलाय?"

(इथल्या गॅसला मुद्दाम सडक्या अंड्यांचा वास देतात, गळती कळावी म्हणून.) मी फोटो आणि फुलांचं ताट उचललं आणि हिरवळीवर आलो. केतकीने हवा हुंगली आणि पांढरी पडली.

"बाहेरसुद्धा येतोय! अख्खी लाइन फुटलीय!"

शेजारी बाहेर आले. त्यांचे शेजारी बाहेर आले. मी दिलगिरीने ज्याच्याजवळ जाऊन उभा राही, त्यालाही वास येई! केतकीने फोन करून बोलावलेला गॅसवाला यंत्र घेऊन घरभर फिरला. यंत्रावर शून्य. मग तो बाहेर आला, नाक वर करून हळूहळू चालत राहिला आणि माझ्या ताटापाशी थांबला.

"हा तर माझा फवारा!" लिंडाबाई म्हणाल्या. "सडकी अंडी असतात त्यात." त्यांनी गुलाब पाहिले, मग फोटो. "या कोण?"

"माझी पत्नी."

"आणि हरीण?"

मी हात वर केला. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच.

केतकीने डोळे मिटले. "बाबा, आपल्याला इथेच राहायचंय, यार!"

लिंडाबाईंनी ताटातला एक गुलाब उचलला. मग त्यांनी विचारलं, "त्यांना कुठला रंग आवडायचा?"

चाळीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

"पांढरा," केतकी हळूच म्हणाली. "मला सांगितलं होतं आईंनी."

आता लिंडाबाईंच्या परसात पांढऱ्या गुलाबाचं एक झुडूप फवाऱ्याविना आहे. पुढे नवी कळी यावी म्हणून फांदी कुठे कापायची, तेही त्यांनी मला शिकवलं. झुडपाला पाटी लावली आहे: 'फक्त आमच्या हरणासाठी.' मी उजेडात, कात्री घेऊन, बेल वाजवून जातो. आणि रोज फूल ठेवताना सुधाला सांगतो, अगं, नंदीबैलाची बढती झाली.